ओटा : घराचा कीं रस्त्याचा ?

जुन्या घराच्या पुढें एखादा ओटा बांधावा, पडवी काढावी किंवा माडीला सज्जा जोडावा, असें ज्याच्या मनांत येतें त्याला प्रथम वाटतें कीं हा अगदीं आपल्या घरचा प्रश्न आहे. घर आपलें, पैसा आपला, गवंडी आणि सुतार आपण बोलावलेले. मग यांत तिसऱ्याचा संबंध काय? परंतु नकाशा घेऊन नगरपालिकेच्या कचेरींत पाऊल टाकलें कीं त्याला कळून येतें कीं ह्या चार हात रुंदीच्या जागेवर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत. रस्ता म्हणतो, माझी वाट सोड. शेजारी म्हणतो, माझा उजेड आणि वारा सोड. आगीचा बंब म्हणतो, मला आंत येऊं दे. आणि घर फारच जुनें असेल तर खुद्द इतिहास पुढें येऊन म्हणतो, माझा चेहरा बिघडवूं नकोस. श्रोतेहो, आज ह्या वादाची हकीकत मी आपल्याला सांगणार आहें. ती दीड हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यांत सम्राट आहेत, दुकानदार आहेत, कायदेपंडित आहेत, तसेच अपघातांत जीव गमावलेले तरुणही आहेत.

आधीं शब्द पाहूं. कोंकणांतल्या घराला अंगणानंतर पडवी, तिच्यामागें ओटी आणि त्याच्या आंत माजघर. देशावर ओसरी आणि सोपा. शहरांतल्या वाड्याला दरवाजाच्या आंत देवडी आणि बाहेर, अगदीं रस्त्याला लागून, दगडी ओटा. माडीवरून पुढें डोकावतो तो सज्जा. गोव्यांतल्या जुन्या ख्रिस्ती घरांपुढें खांबांवर छप्पर आणि दोन्ही अंगांस दगडी बैठका असलेला बाल्कांव. घराच्या एवढ्याशा भागाला इतकीं नांवें असावीं, याचा अर्थच असा कीं आपल्या लोकांनीं ह्या जागेचा बारकाईनें विचार केला होता. 'व्हरांडा' हा शब्द मात्र वादग्रस्त आहे. इंग्रजांनीं तो हिंदुस्थानांत उचलला आणि जगभर नेला हें खरें. पण वास्को-द-गामाच्या पहिल्या सफरीच्या पोर्तुगीज वृत्तांतांतच तो आढळतो. तेव्हां तो इकडून तिकडे गेला कीं तिकडून इकडे आला, यावर पंडितांत आजही एकमत नाहीं. घर आणि रस्ता यांच्यामधल्या जागेप्रमाणें तिचें नांवही दोन मुलुखांच्या मध्यें उभें आहे.

ह्या जागेचें पहिलें काम पावसाला अडवण्याचें. मातीची किंवा जांभ्याची भिंत कोंकणच्या चार महिन्यांच्या पावसांत उघडी राहिली तर फार वर्षें टिकावयाची नाहीं. म्हणून छप्पर भिंतीच्या बरेंच पुढें आणावयाचें, त्याला खांबांचा आधार द्यावयाचा, आणि पागोळ्या जोत्यापासून दूर पडतील असें करावयाचें. अशा रीतीनें भिंतीच्या रक्षणासाठीं काढलेली वळचण रुंद होत गेली आणि तिची पडवी झाली. मृगाच्या आधीं पडवीच्या उघड्या बाजूला झाप बांधण्याची कोंकणांतली चाल ह्याच हिशेबाची आहे. घर आंतून अंधारें व थंड, पडवी उजेडाची व वाऱ्याची. त्यामुळें धान्य पाखडणें, दोर वळणें, मुलांचे पाढे, गांवगप्पा, वाटसरूची विश्रांति हें सर्व पडवींत आणि ओट्यावर होऊं लागलें.

पण ह्याच जागेचें दुसरें रूपही सांगितलें पाहिजे. कोणीं अंगणांतच थांबावें, कोणीं पडवीपर्यंत यावें, कोणीं ओटीवर बसावें आणि कोणीं माजघरांत जावें, हें आपल्याकडे जातीवरून ठरत असे. पडवीच्या पायऱ्या दगडाच्या असत, तशाच त्या माणसामाणसांतल्या भेदाच्याही असत. जुन्या ओट्यांविषयीं हल्लीं जो जिव्हाळा दाखविला जातो, त्यांत ही गोष्ट विसरली जाऊं नये. ओटा हा आपण समजतों तितका सर्वांसाठीं मोकळा कधींच नव्हता. तो कोणासाठीं मोकळा असावा, हाच तर ह्या इतिहासांतला मुख्य प्रश्न आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा लेखी विचार फार पूर्वीं झालेला दिसतो. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत वास्तूसंबंधींच्या तंट्यांचें एक प्रकरण आहे. दोन घरांमध्यें किंवा त्यांच्या पुढें काढलेल्या भागांमध्यें किती पावलांचें अंतर असावें, हें तेथें सांगितलें आहे. दोन छपरांच्या कडांमध्यें चार अंगुळें जागा ठेवावी, नाहीं तर एक छप्पर सरळ दुसऱ्यावर चढवावें, असा नियम आहे. कारण उघड आहे : अर्धवट टेकलेल्या दोन छपरांच्या सांध्यांतून गळणारें पाणी हें शेजाऱ्यांच्या भांडणाचें जुनें मूळ होय. उजेडासाठीं खिडकी ठेवावी, पण ती लहान आणि उंचावर असावी, म्हणजे शेजाऱ्याच्या घरांत डोकावतां येणार नाहीं. आणि या सर्वांवर एक शहाणपणाची तोड अशी कीं घरमालकांनीं एकत्र बसून आपल्या सोयीप्रमाणें बांधकाम ठरवावें, मात्र एकमेकांना अपाय होईल तें टाळावें. नियम आहे, पण आपसांतल्या समजुतीलाही जागा आहे.

आतां पश्चिमेकडे वळूं. इसवी सन ४६५ सालीं कॉन्स्टँटिनोपल शहरांत प्रचंड आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, ४७४ ते ४९१ या काळांत राज्य केलेल्या झेनो बादशहानें इमारतींविषयीं एक विस्तृत कायदा केला. जस्टिनियनच्या संहितेंत तो समाविष्ट असल्यामुळें आज वाचावयास मिळतो. त्यांत सज्जांविषयीं जें म्हटलें आहे तें आजच्या कोणत्याही नगररचनाकारानें वाचावें असें आहे. समोरासमोरच्या दोन सज्जांमध्यें निदान दहा फूट मोकळी जागा हवी. सज्जा जमिनीपासून निदान पंधरा फूट उंच हवा. तो नुसत्या लांकडाफळ्यांचा नसावा. त्याच्याखालीं रस्त्यांत खांब उभे करूं नयेत, आणि रस्त्यावरून सज्जावर चढणारा जिना काढूं नये.

प्रत्येक कलमामागें अनुभव आहे. दहा फुटांचें अंतर ज्वाळेसाठीं. कारण लांकडी सज्जे जवळ आले कीं आग रस्ता ओलांडते. पंधरा फुटांची उंची गाड्यांसाठीं आणि उजेडासाठीं. खांबांना मनाई अशासाठीं कीं आज खांब उभा राहिला तर उद्यां दोन खांबांमध्यें भिंत उभी राहते आणि परवां तेथें दुकान होतें. नियम मोडून बांधलेला सज्जा पाडून टाकावा, एवढ्यावर बादशहा थांबला नाहीं. मालकाला दहा पौंड सोन्याचा दंड, आणि बांधकामाची योजना करणाऱ्यालाही तितकाच दंड. म्हणजे मालकाच्या सांगण्यावरून केलें ही सबब बांधणाऱ्याला सांगतां येऊं नये, हें तत्त्व पंधराशें वर्षांपूर्वीं मान्य झालेलें होतें.

ह्या कायद्याच्या अगदीं उलट नियम पुढें पूर्वेकडील एका बंदरांत झाला. स्टॅमफर्ड रॅफल्स यानें १८१९ सालीं सिंगापूरला इंग्रजांची वखार घातली आणि १८२२ सालीं शहराची आखणी करण्यासाठीं एक समिति नेमली. तिला दिलेल्या सूचनांत एक अशी होती कीं प्रत्येक घराला ठराविक खोलीचा व्हरांडा असावा, तो नेहमीं खुला असावा, आणि सर्वांचे व्हरांडे मिळून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सलग, छपराखालची वाट व्हावी. झेनोनें खांबांना मनाई केली. रॅफल्सनें खांब सक्तीचे केले. कारण हवा निराळी. विषुववृत्ताजवळच्या त्या गांवांत दुपारीं ऊन असह्य आणि पाऊस केव्हां कोसळेल याचा नेम नाहीं. पादचाऱ्याला छत्र देणें हें घरमालकाचें कर्तव्य ठरलें. मलाय भाषेंत या वाटेला 'काकी लिमा', म्हणजे पांच फूट, असें म्हणतात.

योजना सुंदर होती. पण तिच्यांत एक गांठ होती. जमीन मालकाची, वाट लोकांची. मालक आणि त्याचे भाडेकरी त्या वाटेवर माल मांडूं लागले, न्हावी व शिंपी बसूं लागले, पेटारे आणि पोतीं रचलीं गेलीं, आणि पादचारी पुन्हा उन्हांत रस्त्यावर उतरला. अखेर नगरपालिकेनें नव्या कायद्याच्या आधारें व्हरांडे मोकळे करण्याचा निश्चय केला. तेव्हां १८८८ सालच्या फेब्रुवारींत दुकानें बंद झालीं, दगडफेक झाली, आणि तीन दिवस शहर ठप्प झालें. इतिहासांत हे दंगे 'व्हरांडा दंगे' या नांवानेंच ओळखले जातात. शेवटीं तोड निघाली ती अशी कीं माणसाला जाण्यापुरती वाट सुटली असेल तर थोडा माल ठेवण्यास हरकत घेऊं नये. कायदा जिंकला नाहीं आणि हरलाही नाहीं. अधिकाऱ्यांना कळलें कीं त्या पांच फुटांवर हजारों माणसांचें पोट चाललें आहे. आणि दुकानदारांना कळलें कीं आपल्या दारांतली वाट सर्वस्वीं आपली नव्हे.

योगायोग असा कीं त्याच १८८८ सालीं मुंबईचा म्युनिसिपल ॲक्ट मंजूर झाला. पुष्कळ दुरुस्त्या होऊन तो आजही लागू आहे, आणि मुंबईंत ज्याला जुन्या घराला व्हरांडा जोडावयाचा असेल त्याची गांठ ह्याच कायद्याशीं पडते. त्यांतली रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक सार्वजनिक रस्त्याची एक नियमित रेषा ठरवावयाची. त्या रेषेच्या आंत, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, कोणाचा ओटा, व्हरांडा किंवा पायरी येत असेल तर ती जागा नोटीस देऊन आणि भरपाई देऊन घेण्याचा अधिकार २९९ व्या कलमानें आयुक्तांना दिला. रस्त्यावर लोंबणारें किंवा पुढें येणारें बांधकाम करूं नये, असें ३०८ वें कलम सांगतें. पण लगेच ३१० व्या कलमांत आयुक्तांच्या लेखी परवानगीनें, त्यांनीं घातलेल्या अटींवर, रस्त्यावर सज्जा किंवा व्हरांडा काढतां येतो असेंही म्हटलें आहे. आणि उभ्या असलेल्या इमारतींत भर घालावयाची किंवा फेरफार करावयाचा असेल तर त्याची आगाऊ सूचना देणें ३४२ व्या कलमानें बंधनकारक आहे.

कायदा करणाऱ्यांना ओटा म्हणजे काय हें नीट ठाऊक होतें, हें यावरून दिसतें. त्यांनीं त्याला सरसकट बंदी केली नाहीं, आणि सरसकट मोकळीकही दिली नाहीं. 'विचारा, आणि अटी पाळा', असा मधला मार्ग त्यांनीं काढला. परवानगी या शब्दाचा आपल्याला फार कंटाळा येतो. तो कंटाळा पुष्कळदां सकारण असतो. खेपा, खोळंबा आणि दिरंगाई यांचा अनुभव कोणाला नाहीं? पण परवानगीचा मूळ अर्थ असा कीं ज्या जागेवर दोघांचा हक्क आहे तेथें एकानें दुसऱ्याला विचारून घ्यावें. रस्त्यावरून जाणारे हजारों लोक आपल्या दाराशीं येऊन हरकत घेऊं शकत नाहींत; त्यांच्या वतीनें ती कचेरी बसलेली असते.

पुढें आठच वर्षांनीं ह्या विचाराला एक भयंकर पुरवणी जोडली गेली. १८९६ सालच्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेग दिसला आणि मुंबईच्या घरांतला अंधार हा एकाएकीं सार्वजनिक प्रश्न झाला. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं प्रकाशाच्या कोनाचा जो नियम हिरिरीनें मांडला तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. खोलीसमोर जितकी मोकळी रुंदी, त्याच्या दुपटीहून समोरची इमारत उंच नसावी, म्हणजे खालच्या खोलीलाही आभाळाचा तुकडा दिसतो. या दृष्टीनें पाहतां व्हरांडा ही दुधारी वस्तु ठरली. चाळीच्या खोलीला बाहेरचा सज्जा हाच वारा, हीच वाट, हेंच अंगण. पण तोच फार खोल झाला, किंवा त्याला फळ्या आणि पोतीं लावलीं, कीं मागच्या खोलींत दिवसाही दिवा लावावा लागतो. ओट्याचें मोजमाप केवळ रस्त्याच्या बाजूनें करून भागत नाहीं, तें आंतल्या माणसाच्या बाजूनेंही करावें लागतें, हा धडा प्लेगनें दिला.

स्वातंत्र्यानंतर मुंबईंत जागेचा भाव चढला आणि सज्जाचा प्रश्न चौरस फुटांचा झाला. किती जमिनीवर एकूण किती बांधकाम करावें याला चटईक्षेत्राची मर्यादा आली. १९९१ सालच्या नियमावलींत सज्जा ठराविक प्रमाणापर्यंत या हिशेबांत धरला जात नसे. हेतु असा कीं लोकांना मोकळा सज्जा मिळावा. पण शुल्क भरून तो बंद करण्याचीही सोय असल्यामुळें घरोघरीं सज्जाला कांचा बसल्या आणि त्याची खोली झाली. जी जागा उघडी राहावी म्हणून सवलत दिली, ती सवलतीमुळेंच बंद झाली. अखेर २०१२ सालच्या जानेवारींत नियम बदलून सज्जाही चटईक्षेत्रांत मोजण्याचें ठरलें. झेनोला जी भीति खांबांविषयीं होती, तीच येथें कांचेविषयीं खरी ठरली : आधार मिळाला कीं मोकळी जागा बंदिस्त होऊं पाहते.

येथपर्यंत आपण रस्ता, शेजारी आणि आरोग्य यांचे हक्क पाहिले. आतां चौथा हक्क पाहूं, तो जुनेपणाचा. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना संस्थानांत चार्ल्सटन नांवाचें समुद्रकांठचें शहर आहे. तेथल्या जुन्या घरांची ठेवण विलक्षण आहे. घर एकाच खोलीच्या रुंदीचें, त्याची अरुंद बाजू रस्त्याकडे, आणि लांब बाजूला दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून मजल्यामजल्यावर लांबलचक व्हरांडे. त्यांना तेथें 'पियाझा' म्हणतात. गंमत अशी कीं रस्त्यावरचें दार उघडलें कीं आपण घरांत जात नाहीं, व्हरांड्यांत जातों. खरें दार पुढें त्या व्हरांड्यांत असतें. उष्ण आणि दमट हवेंत समुद्रावरचा वारा घरांत यावा म्हणून ही योजना. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत बांधलेलीं अशीं शेंकडों घरें त्या शहरांत आहेत.

१९२० च्या सुमारास मोटारी आल्या, पेट्रोलचे पंप आले, आणि कोपऱ्यावरचीं जुनीं घरें पडूं लागलीं. त्याच वर्षीं जुनीं घरें वांचविण्यासाठीं तेथें नागरिकांची एक संस्था निघाली. पुढें १९३१ सालीं चार्ल्सटनच्या नगरपालिकेनें शहराचा जुना भाग आंखून त्याला 'जुना व ऐतिहासिक विभाग' असें नांव दिलें आणि बाहेरून दिसणारा फेरफार करण्यापूर्वीं एका स्थापत्य-परीक्षण मंडळाची संमति घेण्याचा नियम केला. अमेरिकेंत असा नियम करणारें हें पहिलें शहर. तेव्हांपासून तेथें पियाझा जोडणें, बदलणें किंवा बंद करणें ही घरमालकाची केवळ खासगी बाब राहिली नाहीं. आरंभीं त्या मंडळाला घर पाडणें थांबविण्याचा अधिकार मात्र नव्हता. म्हणजे खांब बदलण्यास संमति हवी, पण सबंध घर पाडण्यास नको, अशी चमत्कारिक अवस्था कांहीं काळ होती. ती पुढें दुरुस्त करावी लागली. चांगला कायदाही एकदम पूर्ण होत नाहीं. तो चुकांतून वाढतो.

कोणी म्हणेल, खांबांच्या आकारावर आणि कठड्याच्या नक्षीवर एवढा खल कशाला ? त्याला उत्तर म्हणून त्याच देशांतली एक दुःखद घटना सांगतों. शिकागो शहरांत जुन्या भाड्याच्या इमारतींना मागच्या बाजूनें लांकडी जिने आणि मजल्यामजल्यावर लांकडी गच्च्या असतात. २९ जून २००३ च्या रात्रीं अशा एका गच्चीवर तरुण मंडळींचा मेळावा जमला असतां ती कोसळली आणि खालच्या गच्च्यांना घेऊन जमिनीवर आली. १३ जण मरण पावले आणि पन्नासांहून अधिक जखमी झाले. ती गच्ची परवानगीवांचून बांधलेली होती, नियमापेक्षां मोठी होती आणि तिचे आधार अपुरे होते, असें शहराच्या अधिकाऱ्यांनीं सांगितलें. मेळाव्याला आलेल्यांपैकीं एकालाही हें ठाऊक असणें शक्य नव्हतें. गच्ची मजबूत आहे कीं नाहीं हें पाहुण्याला पाहतां येत नाहीं. तो विश्वासानें पाऊल टाकतो. त्या विश्वासाची राखण करणें हें परवानगीचें सर्वांत मोठें काम आहे.

ह्या सर्व इतिहासाचा उपयोग आज आपल्या जुन्या घराला पडवी किंवा सज्जा जोडूं पाहणाऱ्या गृहस्थाला काय ? मला वाटतें, चार गोष्टी त्याला घेतां येतील. पहिली, आपला ओटा कोणाच्या जमिनीवर आहे हें आधीं मोजून घ्यावें. जुन्या गांवठाणांत घराची भिंत, ओटा आणि रस्ता यांच्या सीमा कागदावर एक आणि जमिनीवर दुसऱ्या, असें पुष्कळ ठिकाणीं आढळतें. शिवाय जुना ओटा दुरुस्त करणें निराळें आणि तो पाडून पुन्हा बांधणें निराळें. पाडल्यावर नव्या बांधकामाला आजचे नियम लागतात, आणि वाडवडिलांपासून चालत आलेली जागा रस्त्याच्या रेषेंत जाऊं शकते. म्हणून पहार उचलण्यापूर्वीं नकाशा उघडावा, हें बरें.

दुसरी गोष्ट भाराची. शंभर वर्षांच्या भिंतींत माती, विटा, चुना आणि सागाच्या तुळया यांचा एक समतोल ठरलेला असतो. त्या भिंतीला नवा सज्जा लटकविणें म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर नवें ओझें देणें होय. शक्य तेथें नव्या पडवीला तिचे स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया द्यावा, म्हणजे जुन्या भिंतीला तिचा उपद्रव होत नाहीं. बांधकामाच्या शास्त्रांत जाणकार असलेल्या अभियंत्याकडून भिंत, तुळयांचीं टोंकें आणि जोतें तपासून घ्यावें. कारण लांकूड कुजतें तें बहुधा भिंतींत शिरलेल्या टोंकाशीं, जेथें डोळा पोंचत नाहीं.

तिसरी गोष्ट पाण्याची. जुनें छप्पर आणि नवें छप्पर जेथें मिळतात तेथें पाऊस आपली वाट शोधतो. कौटिल्याच्या काळीं शोधत होता आणि आजही शोधतो. पडवीची फरशी घराच्या जोत्याहून उंच झाली किंवा तिचा उतार भिंतीकडे राहिला, तर जी पडवी भिंतीच्या रक्षणासाठीं निघाली तीच भिंतीला ओल देते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवूं नये. भिंतींतला दमटपणा बाहेर पडण्याची वाट त्यामुळें बंद होते आणि ओल आंतच राहते.

चौथी गोष्ट चेहऱ्याची. १९६४ सालीं व्हेनिस येथें वास्तुतज्ज्ञांनीं जुन्या वास्तूंच्या जतनाची एक सनद मान्य केली. जुन्या वास्तूंत भर घालणें अपरिहार्य असेल तर ती जुन्याशीं मेळ राखणारी असावी, पण ती आपल्या काळाची आहे हें ओळखूं यावें, असा तिचा आशय. नवें काम जुनें असल्याचें सोंग आणूं नये आणि जुन्याचा अपमानही करूं नये. मुंबईंत १९९५ सालीं वारसा-वास्तूंचे नियम झाले, आणि यादींतल्या इमारतींना किंवा विभागांना हात लावण्यापूर्वीं वारसा समितीचें मत घ्यावें लागूं लागलें. गिरगांवांतली खोताची वाडी हें याचें जवळचें उदाहरण. अरुंद गल्ल्या, कौलारू घरें, पुढें लांकडी कठड्यांचे व्हरांडे आणि बाहेरून चढणारे जिने अशी त्या वाडीची ठेवण. तेथल्या ईस्ट इंडियन आणि इतर कुटुंबांनीं ती जपली. पण भोंवतालीं उंच इमारती उठत असतां एकेक घर जपणें किती कठीण आहे, हें त्यांनाच ठाऊक. नुसता नियम घर वांचवीत नाहीं. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न नियमाच्या मागें उभाच असतो, आणि त्याचें उत्तर समाजानें अजून पुरतें दिलेलें नाहीं.

श्रोतेहो, ह्या हकीकतींत बादशहाचा दंड आहे, सिंगापूरच्या दुकानदारांची दगडफेक आहे, प्लेगचा अंधार आहे आणि शिकागोचा तो आक्रोश आहे. या सर्वांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला : ओटा घराचा कीं रस्त्याचा ? मला वाटतें, कोणत्याही काळानें याचें निखळ एकपक्षी उत्तर दिलेलें नाहीं, आणि दिलें असतें तर ओटा उरलाच नसता. तो सर्वस्वीं घराचा झाला कीं त्याची खोली होते. तो सर्वस्वीं रस्त्याचा झाला कीं त्याचा पदपथ होतो. दोघांनीं थोडथोडा हक्क सोडला तरच ती चार हातांची जागा ओटा म्हणून राहते. आपल्या पूर्वजांनीं त्या जागेवर माणसांना थांबविलें, तसेंच तेथें माणसांना बसविलेंही. यांतलें पहिलें सोडून दुसरें आपण पुढें चालविलें, तर ज्याच्या हातीं परवानगीचा कागद येईल त्याच्या घरापुढें उन्हांतान्हांतून येणारा कोणीही वाटसरू घटकाभर टेकूं शकेल.